पालथा टाक

वांगी आणायला सरूबाई स्वतः गेल्या होत्या. पाच वर्षं होत आली ज्या बाईनं वांग्याचा घास तोंडात घातला नाही, तिनं भाजीच्या गाडीपाशी अर्धा तास उभं राहून हुज्जत घातली. ह्यात बिया हायत, त्याला कीड हाय, हे तर तुझ्यावानीच वरून गुळगुळीत हाय, असं करत करत चार काळीभोर वांगी निवडली आणि घरी येऊन सुनेच्या पुढ्यात ठेवली.

"भाज. आन् मीठबी आज तूच घाल."

मोनिका दचकली. चंपाषष्ठीच्या भरताचं मीठ सासूच्या हातचं, हा या घरातला कायदा. देवाला दाखवायचा नैवेद्य आधी चाखायचा नसतो, त्यामुळे मीठ घालायचं ते नुसत्या अंदाजानं, आणि सरूबाईंचा अंदाज आजवर चुकला नव्हता. मोनिका एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला होती. दिवसभर थेंब मोजून काम करणाऱ्या बाईला 'अंदाजे' हा शब्दच सोसत नसे.

"आई, मला नाही जमणार. खारट झालं म्हणजे?"

"झालं तर झालं. देव काय माहेरी जाऊन सांगतोय व्हय? मला दुसरं काम हाय."

सरूबाईंनी ओल्या फडक्यातली विड्याची पानं उचलली, फळीवरचं पितळी ताम्हन काढलं आणि त्या देवघराकडे गेल्या. मोनिकानं ते पाहिलं, पण काही विचारलं नाही. आज सासूला काही विचारायची तिची हिंमत नव्हती, कारण आज दुपारी या घरातले देव जायचे होते आणि त्या ठरावाला तिनंही मान डोलावली होती.

ठराव तिच्या नवऱ्याचा, विश्वजीतचा. पिशोरच्या निकमांचा खंडोबा पिढ्यान् पिढ्या थोरल्या घरी. चांदीच्या पत्र्यावर ठोकून काढलेला तळहाताएवढा टाक, त्यावर घोड्यावर बसलेला देव. थोरलं घर शेतातून उठून शहराच्या सातारा भागात आलं तेव्हा देवही आला, आणि खंडोबाचं मंदिर हाकेच्या अंतरावर म्हणून सगळ्यांना आनंदच झाला. पण चार वर्षांपूर्वी दिवाळीनंतर विश्वजीतचा धाकटा भाऊ सत्यम गेला. सत्ताविसाव्या वर्षी. तेव्हापासून घरात तळी उचलली गेली नव्हती. ताम्हनात पानं, सुपाऱ्या, खोबरं, भंडारा आणि मधोमध देव ठेवायचा आणि पाच जणांनी हात लावून येळकोट करत ते उचलायचं, ही तळी. पहिला हात घरच्या कर्त्याचा. आणि कर्ते, म्हणजे विश्वजीतचे वडील पुंजाराम, दर चंपाषष्ठीला सकाळीच गॅलरीत जाऊन घराकडे पाठ करून बसायचे. आजही तसेच बसले होते. समोर मंदिराच्या वाटेवर माणसांची रीघ लागली होती, हलगी वाजत होती, पोरं भंडाऱ्यानं पिवळी झाली होती, आणि ह्यांची नजर कुठं होती ते त्यांनाच ठाऊक.

"थोरल्या घरी होत नाही तर देव धाकट्या घरी जाऊ दे," असं विश्वजीत दिवाळीत म्हणाला होता. "काका तरी तळी उचलतील."

तेव्हा सरूबाई करंजीला मुरड घालत होत्या. त्या 'बरं' म्हणाल्या आणि पुढची करंजी घेतली. मोनिकाला वाटलं, सासू थकली. सोळा वर्षं एका घरात राहून सुनेनं सासूला इतकं कमी ओळखावं, याची पुढं तिला स्वतःलाच लाज वाटली.

*

सखाराम पिशोरहून पहिल्या गाडीनं निघाले होते. पिशवीत नवं लाल वस्त्र होतं आणि कडूबाईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, घासूनपुसून दिलेला स्टीलचा डबा. घरी तिनं भिंतीतला कोनाडा चुन्यानं सारवून ठेवला होता. चाळीस वर्षं तळीला दुसरा हात लावणाऱ्या धाकट्या भावाला आता पहिला हात लावायचा मान मिळणार होता. आनंद झाला नाही म्हणावं तर खोटं, आणि झाला म्हणावं तर पुतण्याच्या मरणावर घर बांधल्यासारखं. सारा रस्ता त्यांनी खिडकीबाहेर बघण्यात घालवला.

दारात सायली पाण्याचा तांब्या घेऊन आली. विश्वजीत-मोनिकाची ही एकुलती एक लेक यंदा दहावीला होती, आणि दहावीची पोर जितकी आगाऊ असावी तितकी होती.

"धाकले आजोबा, देव न्यायला आलात? मग आत बघा, आजीनं काय करून ठेवलंय."

सखाराम देवघरापुढं आले आणि थबकले. पाटावर ताम्हन. पाच पानं, पाच सुपाऱ्या, खोबऱ्याची वाटी, गुलमंडीच्या बाजारातून आणलेला भंडारा शिगोशीग, आणि मधोमध देव.

"वहिनी! हे काय केलं?"

"तळी भरली," सरूबाई म्हणाल्या. "आज चंपाषष्ठी न्हवं का?"

सखारामांनी कपाळाला हात लावला. भरलेली तळी उचलल्याशिवाय मोडायची नाही आणि तळीतला देव तोवर जागचा हलवायचा नाही. बापानं दोघा भावांना हे इतकं पक्कं शिकवलं होतं की एकदा चुलत्याची वाट बघत तळी संध्याकाळपर्यंत तशीच राहिली होती आणि घरात कुणी जेवलं नव्हतं.

"डाव टाकला वहिनी तुम्ही."

"डाव कशाचा भाऊजी? दोनच्या गाडीनं जायचं ना तुम्हाला? मंग हात जमवा लौकर."

एवढ्यात विश्वजीत आला. जत्रेच्या गर्दीत गाडी लावायला जागा मिळाली नव्हती, लांब कुठं तरी लावून तो घामाघूम चालत आला होता. तळी बघून त्याचा पारा चढला.

"आई, काय लावलंय हे? काकांना मी बोलावलंय. ठरलं होतं ना आपलं?"

"ठरलं व्हतं. देव न्यायचं ठरलं व्हतं. न्या की. मी काय आडवी पडले?" सरूबाईंनी पदर खोचला. "पण निकमाच्या थोरल्या घरातून देव निघायचा तर तळी उचलून निघंल. चोरावानी डब्यात घालून नाय."

"आणि उचलणार कोण? अण्णा उठणार आहेत का?"

सगळ्यांनी गॅलरीकडे बघितलं. पांढऱ्या टोपीची पाठ हलली नाही.

"उठले नाय तर तळी ऱ्हाईल अशीच. उद्याबी ऱ्हाईल, परवाबी ऱ्हाईल."

"विश्वजीत," सखाराम चाचरत म्हणाले, "तळी भरल्यावर मला देवाला हात लावता यायचा नाय रं बाबा."

विश्वजीतनं काकांकडे असं बघितलं, जणू आपला वकीलच उलटला. मोनिका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. वांगी भाजल्याचा खमंग वास घरभर पसरला होता, आणि नेमका तो वास विश्वजीतच्या नाकात गेला.

*

भरताचा वास त्याला लहानपणापासून आवडायचा. आता त्या वासानं त्याचा जीव घुसमटायचा. दर वर्षी आई नैवेद्य करायची, सगळ्यांना ताटभर वाढायची, आणि स्वतः बाजरीच्या रोडग्यासोबत लसणाची चटणी घेऊन बसायची. भरीत म्हटलं की जी बाई भूक नसताना जेवायला बसायची, ती. सत्यमच्या किडन्या गेल्या, अण्णांनी त्याला आपली एक किडनी दिली, त्या ऑपरेशनच्या दिवसापासून तिनं वांगं सोडलं. विश्वजीतनं दवाखान्याच्या बाकावर बसून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं होतं, 'आईनं नवस केलाय, सत्यमला काही होणार नाही.' सांगताना त्याचा स्वतःचाही विश्वास बसला होता. सत्यम घरी आला, दहा महिने राहिला, आणि एका साध्या तापानं तीन दिवसांत गेला.

"सांगू का आई, मला काय होतं ते?" त्याचा आवाज चढला. "तू नवस केलास. वांगं सोडलंस. देवानं काय केलं? अण्णांच्या पोटातली किडनी पण घेतली आणि सत्यमला पण घेतलं. ज्यानं आपला शब्द पाळला नाही, त्याच्यासाठी तू अजून चटणी खातेस! चार वर्षं बघतोय मी. मला नाही बघवत. देव इथून गेले तर निदान तू सुटशील. म्हणून काकांना बोलावलं. बाकी सगळी कारणं खोटी होती."

मोनिकाला हे नवीन होतं. तळी होत नाही म्हणून देव जाताहेत, असंच तिला वाटत होतं. नवऱ्याच्या रागामागं आईचा न खाल्लेला घास आहे, हे तो तिलाही कधी बोलला नव्हता.

अवघडलेल्या सखारामांना काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी पाटापुढं गुडघे टेकले आणि देवाला डोकं टेकवलं. चार वर्षांनी इतक्या जवळून टाक बघत होते. वर येता येता ते थांबले. चष्मा नाकावर चढवून पुन्हा वाकले.

"वहिनी, देवाच्या तोंडाला पोचा कशाचा?"

"कुठं?"

"हे काय, नाकापासून कपाळालोक. चांदी आत गेली. आमच्या बापाच्या येळंला नव्हता हा. पडला का काय कव्हा?"

"पडला नाय," सरूबाई म्हणाल्या. "म्या आपटला."

बाहेरची हलगी तेवढी वाजत राहिली.

"सत्यमला नेऊन आले तुम्ही सगळे, आन् आंघोळीला गेले. मी हितं आले. म्हणलं, तुला डोळे हायत का नुसते ठोकलेले? आन् उचलून आपटला फरशीवर. तोंडावर पडला. तसाच ऱ्हाऊ दिला. तेरा दिवस पालथा व्हता देव, देवघराकडं कुणी फिरकलंच नाय. म्हणलं, बघूच नको मह्याकडं. मलाबी तुझं तोंड बघायचं नाय."

"आई..." मोनिकाच्या तोंडून निघालं.

"पण दिवा लावला. सुतकात देवाला शिवायचं नसतं, तरी लावला. पालथ्या देवाफुडं तेरा दिवस दिवा लावला बाई. दिवा नाय लावला तर मी कुणाशी भांडू? अंधारात त्याला ऐकू गेलं नसतं."

सायलीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदम. तिनं आजीचा हात धरला.

"मग सरळ कधी केलास गं?"

"चौदाव्या दिवशी. राग गेला म्हणून नाय, राग अजून हाय. पण किती दिवस पाठीशी भांडावं? म्हणलं, हो सुलटा, तोंडावर बोलते."

"मग नवस का नाही सोडलास?" विश्वजीत हट्टानं म्हणाला. "एवढी चिडलीस, देव आपटलास, मग तेव्हाच वांगं खायचं होतं!"

सरूबाईंनी लेकाकडे बघितलं. पाच वर्षं जे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगायला त्या आज बसल्या, खाली, पाटाशेजारी, मांडी घालून.

"नवस कोण बोललं व्हतं?"

"तू."

"मी कव्हा बोलले? तूच दवाखान्यात सांगत सुटला, आईनं नवस केला, आईनं नवस केला. मला कुणी इचारलं? नवस नाय रं तो. नेम हाय."

"त्यात काय फरक आहे?"

"लई फरक हाय बाबा." त्यांचा आवाज खाली आला. "आपरेशनच्या दिवशी पहाटं मी मंदिरात गेले व्हते. नवसच बोलायला. मह्या लेकराला वाचव, मी हे करीन, ते करीन. तोंड उघडलं आन् शब्दच फुटंना. मनात आलं, अट घालायची आन् त्यानं नाय ऐकलं तर? मंग नवस फिसकटला म्हणून मी पाठ फिरवायची? लेक तर जाईल जाईल, देवबी जाईल. मंग मी दोन्हीकडून उघडी पडंल. म्हणून म्हणलं, खंडेराया, मला सत्यम पायजे. लई पायजे. त्याच्याशिवाय मला दुसरं कायबी नको. पण तू दे, नाय तर नको देऊ, मी तुझ्या दारात येणार. तुला सुटका नाय. आन् रोज जेवताना ह्या बोलण्याची याद ऱ्हावी म्हणून जे लई आवडतं ते सोडलं. नवस असता तर सत्यम गेला त्या दिवशी सुटला असता. नेम कसा सुटंल?"

चार वर्षं विश्वजीत देवाशी आईच्या वतीनं भांडत होता आणि आईनं त्याला वकीलपत्रच दिलं नव्हतं.

"आणि त्यानं दिलं नाही तरी तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं नाय? देव आपटला म्हणून सांगितलं ना आत्ता! अजून इचारते रोज, कामून नेलं म्हणून. बोलत नाय तो. नाय बोलत तर नको बोलू. मी इचारायची थांबत नाय आन् दिवा लावायचीबी थांबत नाय. बघू कोण आधी दमतंय."

*

पुंजाराम हे सगळं ऐकत होते. पाठ फिरवली तरी कान कुठं फिरतात?

घरातल्यांना वाटत होतं, ते देवावर रागावलेत. तसं वाटू देणंच त्यांना सोयीचं होतं. रागावलेल्या माणसाला कुणी प्रश्न विचारत नाही. खरं त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. आत्ता मात्र तिचं ऐकता ऐकता त्यांच्या बरगडीखालच्या जुन्या टाक्याला कळ लागली. ते उठले. गॅलरीच्या दारात येऊन चौकटीला धरून उभे राहिले.

"तिनं नसंल केला," ते म्हणाले, "म्या केला व्हता."

सगळे वळले. चंपाषष्ठीला पुंजारामांचा चेहरा घराला चार वर्षांनी दिसत होता.

"नवस म्या बोललो व्हतो. पोरगं दवाखान्यातून पायानं चालत घरी येऊ दे, पिशोरहून साताऱ्याला पायी येतो आन् तळी भरतो. आलं की नाय ते चालत? ह्याच दारातून आलं. देवानं दिलं व्हतं, विश्वजीत. तू म्हणतो शब्द पाळला नाय. त्यानं पाळला. म्या नाय पाळला."

"दादा, काय बोलतो?" सखाराम उठून उभे राहिले.

"आधी टाके ओले व्हते. मंग डाक्टर म्हणला जास्ती चालू नका. मंग पेरणी आली, मंग पाऊस. म्हणलं चंपाषष्ठीलाच जाऊ, देवाचा दिवस हाय. आन् चंपाषष्ठीला सतरा दिवस ऱ्हायले आन् पोरगं गेलं." त्यांनी बरगडीखालचा टाका चाचपला. "म्या उशीर केला म्हणून नेलं त्यानं. कोणत्या तोंडानं तळीला हात लावू? मह्या हातानं गेलं रं माझं लेकरू."

बोलून झालं आणि म्हातारा माणूस चौकटीला टेकून रडायला लागला. विश्वजीत पुढं झाला, पण त्याच्या आधी सरूबाई उठल्या. गुडघेदुखीचा आज त्यांना विसर पडला होता. नवऱ्यापुढं कमरेवर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या.

"चार वर्षं हे घेऊन बसले व्हते व्हय तुम्ही? एकट्यानं?"

पुंजारामांनी मान डोलावली.

"खंडोबा काय तलाठी हाय का? तारीख चुकली की दंड लावायला?"

सायलीला पुन्हा हसू आलं. सरूबाई मात्र हसत नव्हत्या.

"पोटातून किडनी काढून दिली तुम्ही पोराला. साठी उलटलेल्या माणसानं. ते पायी चालण्यापरीस काय कमी झालं? दहा महिने मह्या लेकानं ह्या घरात भाकर खाल्ली, हसला, सायलीसंगं पत्ते खेळला. ते दहा महिने तुमच्या देहातून आले. ज्या देवाला हे दिसत नाय त्याला म्याच उचलून नाल्यात टाकला असता. ठेवला, कारण मला पक्कं माहीत हाय, त्याला दिसतंय."

"मग नेलं कामून?"

"माहीत नाय." सरूबाईंनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं, लहान पोराचं पुसावं तसं. "मला माहीत नाय, तुम्हाला माहीत नाय. पण तुमच्यामुळं नाय नेलं. एवढं मी देवाच्या वतीनं सांगते. तेवढा हक्क हाय मला. पाच वर्षं वांगं खाल्लं नाय."

पुंजारामांना रडता रडता हसू फुटलं. चार वर्षांत त्या घरानं ते ऐकलं नव्हतं. ते हसू ऐकून विश्वजीतचा बांध फुटला आणि तो बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडला. त्याच्या काकांनी तोंड फिरवून चष्मा पुसायला घेतला.

पुंजारामांनी डोळे पुसले. टोपी काढली, झटकली, नीट घातली. मग तळीकडं बघून त्यांनी जुन्या, करड्या, घरमालकाच्या आवाजात विचारलं, "हात किती हायत?"

*

सखारामांनी मोजले. "तू, मी, विश्वजीत. तीन. शेजारचे दोन गडी बोलवावे लागतील दादा."

"शेजारी सगळे जत्रेला गेलेत," मोनिका म्हणाली.

"आजोबा," सायली म्हणाली, "पाच हात लागतात की पाच पुरुष?"

"आपल्यात गडीच लावतात बाई," सखाराम म्हणाले.

"तसं सांगितलंय की तसं चालत आलंय?"

सखारामांनी थोरल्या भावाकडे बघितलं. पुंजाराम विचारात पडले. बाप काय म्हणायचा ते आठवू लागले. आणि त्यांच्या लक्षात आलं की बाप नेहमी 'पाच हात लावा रे' असंच म्हणायचा. गडी हा शब्द त्यानं कधी वापरलाच नव्हता. घरात पाच लेक-पुतणे हुंदडत असताना वापरायची गरजच पडली नव्हती.

"हातच म्हणायचा बाप," ते म्हणाले. "सायली, ये. मोनिका, तूबी ये बाई."

मोनिका घाबरली. "अण्णा, मला खरं सांगू का, माझा एवढा विश्वास नाही. मी देव न्यायला हो म्हटलं होतं."

"म्या तर आपटला व्हता," सरूबाई म्हणाल्या. "ये."

हाताला भाजलेल्या वांग्याची काळी साल लागलेली, तशीच मोनिका आली. पाच जण पाटाभोवती बसले. पुंजारामांनी पहिला हात लावला. त्यांचा हात ताम्हनाच्या काठाला टेकला तेव्हा भंडाऱ्याचा ढीग जरासा ढासळला. मग सखारामांचा हात, विश्वजीतचा, सायलीचा, मोनिकाचा. सरूबाई मागं उभ्या होत्या, दोन्ही मुठी भंडाऱ्यानं भरून.

"म्हणा," पुंजाराम म्हणाले, आणि त्यांचा आवाजच फुटेना. एकदा घसा खाकरला. दुसऱ्यांदा खाकरला. सगळे थांबले. आणि मग बाहेरच्या हलगीवर मात करील असा तो आवाज आला, पिशोरच्या शिवारात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर पोचणारा.

"येळकोट येळकोट!"

"जय मल्हार!"

तळी उठली. छातीपर्यंत आली, कपाळापर्यंत गेली. सरूबाईंनी दोन्ही मुठी उधळल्या. भंडारा टोपीवर पडला, चष्म्यावर पडला, सायलीच्या केसांत, मोनिकाच्या काळ्या बोटांवर. तीनदा तळी उठली आणि तीनदा सायली सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडली. तिसऱ्यांदा तर खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कुणी तरी अनोळखी माणसानं वर बघून तितक्याच जोरात "जय मल्हार!" असं उत्तर दिलं. विश्वजीत रडत होता आणि ओरडत होता आणि आपण काय करतोय याची त्याला शुद्ध नव्हती. आपण हरलो आहोत एवढं त्याला समजत होतं, आणि हरून इतकं हलकं वाटतं हे त्याला आजवर माहीत नव्हतं.

तळी खाली ठेवली. आता देव हलवायला मोकळा होता. सखारामांनी पिशवीतून लाल वस्त्र काढलं. त्यांनी पोचा पडलेला टाक दोन्ही हातांनी उचलला, डोक्याला लावला, आणि उठून देवघरात लाल वस्त्र अंथरून त्याच्यावर ठेवला.

"काका?" विश्वजीत म्हणाला.

"कडूबाईला सांगीन, देव म्हणला मला हितंच भांडायला माणूस हाय," सखाराम म्हणाले. "तुझ्या काकूच्यानं भांडण होत नाय, ती नुसती रुसती. कोनाड्यात दिवा ठेवू आम्ही. आन् दादा, फुडल्या साली आम्ही दोघं येतो. हात कमी पडायला नको."

"फुडल्या साली कशाला," पुंजाराम म्हणाले. "आज ऱ्हा हितंच. उद्या मीच येतो तुझ्यासंगं पिशोरला. आन् पायी माघारी येतो. मुक्काम करत, दमानं."

"नवस फेडायला?" मोनिकानं काळजीनं विचारलं.

"नाय. आसंच. भेटायला."

"मी येतो बरोबर," विश्वजीत म्हणाला. कुणी त्याला नको म्हटलं नाही.

नैवेद्य दाखवून झाला. मोनिकानं पानं वाढली. रोडगा, पातीचा कांदा, भरीत. सहावं पान सरूबाईंचं. सवयीनं तिनं त्यात लसणाची चटणी वाढली आणि ती भरताचं पातेलं घेऊन पुढं निघाली.

"मला?" सरूबाई म्हणाल्या.

बाकी चौघांचे हात ताटातच थांबले.

"पण आई, तुमचा नेम..."

"नेम हाय. उद्या परत हाय. पण चार वर्षं घरात तळी झाली नव्हती, तव्हा ही नुसती भाजी व्हती. आज परसाद हाय. परसादाला कुणी नाय म्हणतं का?"

मोनिकानं चमचाभर भरीत सासूच्या ताटात वाढलं. सरूबाईंनी रोडग्याचा तुकडा मोडला, त्यावर भरीत घेतलं, कपाळाला लावलं आणि तोंडात घातलं. डोळे मिटून त्या कितीतरी वेळ चावत राहिल्या. मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला कुणी पुढं झालं नाही. देवघरातून नाकावर पोचा पडलेला खंडोबा सगळं बघत होता.

मग त्यांनी डोळे उघडले.

"मीठ कमी पडलंय गं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा वाढण्यासाठी ताट पुढं केलं.